वळिवड्याच्या फलाटावरून: परक्या ताब्यातल्या जगण्याचा संवादी माहितीपट पहिल्यांदा करताना

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकापुढे त्यांनी फुलं वाहिली, आणि त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता: पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरचं स्मारक कशाला? उत्तर इथंच होतं. कोल्हापुरात मिरजेच्या गाडीत बसलं की गूळ मार्केटचा थांबा मागे पडतो आणि वळिवडे येतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५ हजार माणसं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. त्यांच्या मागोमाग फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं तिथे वसली आणि गांधीनगर झालं. आपण आज तिथे लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पोरापोरींत निम्मी तरी ‘यावर वेबसाइटवरचा इंटरॅक्टिव्ह माहितीपट करायचाय’ म्हणत येतात. त्यांना तोंडी जे सांगतो ते इथे लिहून ठेवतोय. कोडिंग येत नसेल तरी चालेल. ऐकण्याचा कंटाळा असेल तर मात्र दुसरा विषय शोधा.

आधी एक उदाहरण, म्हणजे प्रकार डोळ्यांसमोर येईल. २००८ साली आर्ते या फ्रेंच-जर्मन वाहिनीनं गाझा आणि जवळचंच इस्रायली गाव स्देरोत इथल्या साध्या माणसांवर एक वेबपट केला होता. दोन्हीकडच्या स्थानिक चमूंनी काढलेल्या दोन-दोन मिनिटांच्या फिती, पडद्याच्या मधोमध एक रेघ, आणि बघणाऱ्यानं दिवस, चेहरा, जागा किंवा विषय यांतल्या कुठल्याही वाटेनं आत शिरायचं. बस, एवढंच. ‘संवादी’ म्हणजे चमचमणारं काहीतरी असावं लागतं ही समजूत इथेच सोडून द्या.

ताबा म्हणजे नक्की काय, ते आधी ठरवा

नवखी मंडळी युद्ध, वेढा, छावणी आणि ताबा यांची मिसळ करतात. युद्धाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या, १९०७ च्या हेग नियमांची व्याख्या साधी आहे: शत्रूच्या सैन्याचा प्रत्यक्ष अंमल जिथे बसलाय तो प्रदेश ताब्यातला. लेनिनग्राड ८७२ दिवस वेढ्यात होतं, पण शहर जर्मनांच्या हाती पडलं नाही. तो वेढा, ताबा नव्हे. आणि वळिवडे तर ताबाही नाही, वेढाही नाही. तो आसरा.

मग वळिवड्याचा या विषयाशी संबंध काय? इथली माणसं ताब्यातून आलेली होती. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौज पूर्वेकडून. पूर्व पोलंडमधल्या लोकांना १० फेब्रुवारी १९४० पासून मालगाड्यांत कोंबून उत्तरेला, सायबेरियात, कझाकस्तानात नेलं गेलं. पुढे त्याच वर्षी एप्रिलमध्ये, जूनमध्ये आणि १९४१ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर आणखी फेऱ्या झाल्या. जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर जुलै १९४१ मध्ये पोलिश आणि सोव्हिएत सरकारांत करार झाला, सुटका झाली, आणि १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून हजारो माणसं इराणला उतरली. तिथून कराची, आणि कराचीहून आपल्या पंचगंगेकाठी.

म्हणजे तुमचा माहितीपट वळिवड्याच्या फलाटावर सुरू होऊ शकतो, पण त्याचं पोट १९३९ ते १९४१ मध्ये आहे. हे एकदा ठरलं की विषय आटोक्यात येतो. ‘दुसरं महायुद्ध आणि नागरिक’ असला विषय घेऊन आलेल्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. एक गाव, दीड वर्ष, तीन घरं. यापेक्षा मोठं पहिल्या खेपेला झेपत नाही.

कुणाला भारतीय भूमीवरचाच विषय हवा असेल तर अंदमान आहे. २३ मार्च १९४२ ला जपानी तिथे उतरले आणि ऑक्टोबर १९४५ पर्यंत बेटं त्यांच्याकडे होती. त्या साडेतीन वर्षांतलं पोर्ट ब्लेअरच्या सामान्य माणसाचं जगणं मराठीत फारसं आलेलं नाही.

घड्याळ, नोटा, पाट्या

आता गोळा काय करायचं? रणगाडे नकोत. ते सगळ्यांनी बघितलेत. परका अंमल घरात शिरतो तो बारीकसारीक गोष्टींतून, आणि तुमचे पडदे, म्हणजे वेबसाइटवरच्या एकेक स्क्रीन, त्याच गोष्टींतून तयार होणार आहेत.

घड्याळच घ्या. सोव्हिएत अंमल आल्यावर पूर्व पोलंडमध्ये मॉस्कोची वेळ लागू झाली. घड्याळं दोन तास पुढे. नेदरलँड्समध्ये मे १९४० मध्ये बर्लिनची वेळ आली, सिंगापुरात जपान्यांनी टोकियोची आणली. सूर्य तोच, पण पोराला शाळेला मिट्ट काळोखात उठवायचं. दुसरी गोष्ट पैसा. डिसेंबर १९३९ मध्ये झ्लोटी हे पोलिश चलन चालेनासं झालं आणि रुबल आलं. नोटबंदीची रांग आपण पाहिलीय, तेव्हा हा पडदा आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. मग शाळेतली भाषा, दुकानावरची पाटी, रस्त्याचं नाव, पावाची रांग, रात्री किती वाजता दाराला कडी घालायची.

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. एकेक वस्तू लिहीत चला. तीस ओळी झाल्या नाहीत तर अजून वाचन झालेलं नाही असं समजा.

याच टप्प्यावर एक पथ्य सांगतो. त्या भागात फक्त पोलिश राहत नव्हते. युक्रेनियन होते, बेलारुशियन होते, ज्यू होते, आणि एकच ताबा प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळा आला. जून १९४० च्या फेरीत नेलेल्यांत तर जर्मन बाजूकडून पळून आलेले ज्यूच बहुसंख्य होते. तीन घरं निवडताना तिन्ही एकाच आळीतली घेऊ नका.

कागद आणि माणसं

आपल्याकडे कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे. संस्थानकाळातलं दप्तर पाहायचं तर आधी अर्ज करून, काय हवंय ते नेमकं लिहून जा. ‘पोलंडविषयी जे असेल ते’ असं म्हणालात तर समोरचा माणूस तरी काय काढून देणार? जुना कागद मोडीत निघाला तर मोडी वाचणारे कोल्हापुरात अजून सापडतात, त्यांना मानधन द्या. महावीर उद्यानातलं स्मारक आणि पोलिश लोकांची दफनभूमी इथे कॅमेरा न घेता एकदा जाऊन या. ताब्याच्या काळातल्या साक्षी मात्र बाहेर आहेत: लंडनच्या सिकोर्स्की संस्थेत, आणि अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हूव्हर संस्थेत. रशियातून सुटून आलेल्यांकडून, लहान मुलांकडूनसुद्धा, त्याच काळात लिहून घेतलेले जबाब हूव्हरमध्ये जपलेत.

आकड्यांशी जपून. किती लोकांना नेलं यावर जुने पोलिश अंदाज १० लाखांच्या वर जायचे. सोव्हिएत कागदपत्रं खुली झाल्यावर सव्वातीन लाखांच्या आसपासचा आकडा पुढे आला. दोन्ही दाखवा आणि फरक का पडला ते एका ओळीत सांगा. प्रेक्षक त्यानं गोंधळत नाही, उलट तुमच्यावर भरवसा ठेवतो.

आणि साक्षीदार. १९४५ ला जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीत आहेत. वळिवडे, उंचगाव, चिंचवाड भागात विचारलं तर कुणाचे तरी आजोबा छावणी आठवणारे निघतील. गांधीनगरातल्या सिंधी घरांतही जा, कारण एकाच जागेवर एक विस्थापित बिऱ्हाड उठलं आणि दुसरं बसलं. पटकथा नंतर लिहा, आधी ही माणसं गाठा. या कामात हीच एक गोष्ट थांबत नाही.

मुलाखत घ्यायला जाताना

माझी पहिली मुलाखत पंख्यानं खाल्ली. एप्रिल महिना, पत्र्याचं घर, आजोबा सुंदर बोलत होते आणि मी पुढच्या बाजूला बसून मान डोलावत होतो. घरी येऊन कानाला हेडफोन लावला तर आजोबा मागे आणि घर्रघर्र पुढे. पुन्हा गेलो, पंखा बंद केला, तर घामानं ते बेजार. तिसऱ्या खेपेला सकाळी सातला गेलो, तेव्हा जमलं. पण पहिल्या दिवशीचं ते बोलणं पुन्हा आलं नाही. माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतो तेव्हा ती घासून गुळगुळीत झालेली असते.

म्हणून: हजाराच्या आत-बाहेर मिळणारा कॉलरचा माईक घ्या, सकाळची वेळ ठरवा, पहिली दोन मिनिटं रेकॉर्ड करून तिथेच हेडफोननं ऐका. आवाज वेव्ह फाइलमध्ये घ्या. फोनवर फॉरवर्ड होत आलेला आवाज माहितीपटात वापरता येत नाही.

प्रश्न वस्तूंवरून विचारा. ‘तुम्हाला तेव्हा काय वाटलं?’ असं विचारलं की माणूस भाषण देतो. ‘आज्जी, तुमच्या घरात घड्याळ होतं का? कुठं टांगलं होतं?’ असं विचारलं की ती आधी भिंतीकडे बघते, आणि मग बोलते. गप्प बसली तर बसू द्या. आमच्या एका फितीत अकरा सेकंदांची शांतता होती. संकलन करणाऱ्या पोरानं कापली, मी परत घालायला लावली. त्या अकरा सेकंदांत आज्जी पदराचं टोक बोटाला गुंडाळते आणि सोडते, एवढंच होतं.

परवानगी एकदाच सही घेऊन संपत नाही. रेकॉर्डिंगची वेगळी, इंटरनेटवर टाकण्याची वेगळी, शाळा-कॉलेजांत वापरण्याची वेगळी. कागद मराठीत असू द्या आणि मोठ्यानं वाचून दाखवा. ‘नंतर नको वाटलं तर काढून टाकू’ हे त्यात लिहा, आणि तशी वेळ आली तर खरंच काढा. घरातली जुनी पत्रं मिळाली तर ध्यानात ठेवा, पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा. मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. फोटोला आपल्या कायद्यानं २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं. ते संपलं म्हणून फोटोतल्या बाईच्या नातवाला विचारायचं नाही असं थोडंच आहे?

मांडणी: जमिनीवर पत्ते

संगणक अजून उघडायचा नाही. प्रत्येक फितीसाठी एक पुठ्ठ्याचा पत्ता करा. वर नाव, खाली एक ओळ, कोपऱ्यात लांबी. पहिल्या प्रकल्पाला पंधरा पत्ते खूप झाले. ते फरशीवर मांडा आणि सुतळीनं जोडा.

मांडणीचे प्रकार पुस्तकांत बरेच सापडतात. मी एकच शिकवतो: महाद्वार रोड. सरळ रस्ता, दोन्हीकडे बोळ. बघणारा वाटेल त्या बोळात शिरो, चप्पल बघो, दागिने बघो, बाहेर पडला की पुन्हा महाद्वार रोडलाच लागतो आणि शेवटी अंबाबाईच्या दारात पोचतो. आपल्या विषयात सरळ रस्ता म्हणजे काळ: सप्टेंबर १९३९, डिसेंबर, फेब्रुवारी, गाडी, इराण, कराची, वळिवडे. तो कुणाला बदलता येणार नाही. बोळ म्हणजे स्वयंपाकघर, शाळा, रांग, शेजारी. कुठलाही बोळ तीन पत्त्यांपेक्षा लांब नको. माणूस हरवतो आणि फोन ठेवून देतो.

सुतळी पक्की झाली की ट्वाइन उघडा, म्हणजे असे पत्ते जोडून गोष्ट बांधायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरी घेतं आणि शेवटी एकच एचटीएमएल फाइल देतं. पत्त्यांची मांडणी त्यात जशीच्या तशी दिसते. नकाशा हवा असेल तर स्टोरीमॅप जेएस हे साधन, किंवा थोडं कोडिंग येणाऱ्यांनी लीफलेट ही नकाशांची तयार कोड-लायब्ररी. मात्र एक खोच आहे: आजचा तयार नकाशा आजच्या सीमा दाखवतो. १९३९ चं पोलिश ल्वुव आज युक्रेनचं ल्विव आहे, पिन्स्क बेलारूसमध्ये आहे. आजच्या नकाशावर टाचण्या मारल्या तर प्रेक्षकाला वाटेल ही माणसं पोलंडची नव्हतीच. सीमा पुसलेला कोरा नकाशा घ्या, वर त्या काळची रेघ हातानं काढा, आणि गावाची दोन्ही नावं द्या.

क्लिक कुणाचा?

आता मुद्द्याचं. बाकी सगळं इकडचं तिकडे झालं तरी चालेल, इथे चुकू नका.

आमच्या पहिल्या नमुन्यात एक पडदा होता. फेब्रुवारीची रात्र, दारावर थाप, ‘अर्धा तास आहे, काय काय घ्याल?’ खाली चित्रं: अंथरूण, भांडं, फोटो, पिठाची पिशवी, शिवणयंत्र. बघणाऱ्यानं बोटानं ओढून पिशवीत टाकायची, कोपऱ्यात घड्याळ उलटं चाललेलं. पोरांना भारी आवडला होता. आम्ही तो गांधीनगरातल्या एका आजोबांना दाखवला. ते सिंधमधून आईचं बोट धरून आलेले. त्यांनी फोन हातात घेतला, पटापट बरोब्बर वस्तू भरल्या. ‘शाब्बास’ असा हिरवा शब्द आला. त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, ‘बेटा, आमच्या आईला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं.’

त्या रात्री पडदा काढून टाकला. तेव्हापासून एक नियम पाळतो: जिथे त्या माणसाला पर्याय नव्हता तिथे बघणाऱ्यालाही द्यायचा नाही. क्लिक देणं म्हणजे ‘इथे निवड होती’ असं म्हणणं. दारावरच्या थापेला निवड नव्हती, म्हणून तिथे बटण नाही. पण कुणाचं आधी ऐकायचं, किती वेळ थांबायचं, पत्र उलटून मागची बाजू बघायची का, ही निवड बघणाऱ्याची स्वतःची आहे. ती मोकळ्या हातानं द्या. आणि जिथे त्या काळी खरंच निवड होती, शेजाऱ्याला लपवायचं की नाही, नव्या राजवटीचा कागद घ्यायचा की नाही, तिथे बघणाऱ्याला ‘तुम्ही काय केलं असतं?’ विचारू नका. दोन माणसांनी दोन वेगळे निर्णय घेतले असतील तर दोघांचे आवाज शेजारी शेजारी ठेवा. गुण, टक्के, बक्षिसं, उलटी घड्याळं यांना इथे जागा नाही.

एक पडदा जवळून दाखवतो. काळी पार्श्वभूमी, मधोमध भिंतीवरचं घड्याळ, सहा वाजलेले. खाली ‘ऐका’ असं बटण. ते द्यावंच लागतं, कारण फोनवरचे ब्राउझर आवाज आपोआप सुरू होऊ देत नाहीत. दाबलं की बाईचा आवाज: सकाळ, चूल, मुलीची वेणी. चाळीस सेकंदांनी काटे आपोआप सरकतात आणि आठ वाजतात. आवाज थांबत नाही, खुलासा येत नाही. बघणारा हमखास काटा बोटानं मागे ओढून बघतो. काटा मागे जातो, आणि बोट उचललं की पुन्हा आठवर येतो. एवढं बनवायला आम्हाला तीन रविवार लागले, त्यातले दोन मजकूर काढून टाकण्यात गेले.

फोनवर चालायला हवं

तुमचा प्रेक्षक लॅपटॉपवर नाही, एसटीत आहे. दोन मिनिटांची व्हिडिओ फीत सेकंदाला दीड मेगाबिटनं ठेवली तर साधारण साडेबावीस एमबी होते. तोच वेळ नुसता आवाज सेकंदाला ६४ किलोबिटनं ठेवला तर एक एमबीच्या आत. म्हणून आवाज आणि स्थिर फोटो यांवर भर द्या, व्हिडिओ तीन-चार ठिकाणीच. तसंही नव्वदीतल्या चेहऱ्याचा एक चांगला फोटो आणि खाली आवाज, यानं काम होतं.

अक्षराला मुक्त किंवा नोटोसारखा नीट फाँट, आणि ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. प्रत्येक फितीला मराठी उपशीर्षकं द्या. बोली बदलू नका. आजोबा ‘आमी गेलतो’ म्हणाले तर खाली ‘आम्ही गेलो होतो’ नको.

आजच्या युद्धावर करायचं असेल तर

नवख्यांनी पहिलाच प्रकल्प चालू ताब्यावर करू नये असं माझं मत आहे. ऐंशी वर्षांपूर्वीच्या साक्षीदाराला तुमच्यामुळे कुणी उचलून नेणार नाही. आजच्याला नेऊ शकतं. तरी करायचंच असेल तर चेहरा आणि आवाज दोन्ही झाका, फाइलमध्ये लपलेली जागेची आणि वेळेची माहिती पुसा, खिडकीबाहेरचा टॉवर किंवा दुकानाची पाटी दिसत नाही ना ते बघा. चेहरे पुसट करायला सिग्नल ॲपमध्येच सोय आहे. मूळ फाइल ऑनलाइन ठेवू नका. आणि कुणाचंही सोशल मीडियावरचं फुटेज ‘ताब्यातल्या गावातलं’ म्हणून लावण्याआधी ते कुठलं, कधीचं, कुणी काढलेलं हे तिन्ही तपासा. तिन्हींतलं एक जरी कळलं नाही तर सोडून द्या.

दाखवणं आणि जपणं

पाच जणांना द्या, आणि तोंड बंद ठेवून मागे उभे राहा. ‘इथे दाबा’ असं एकदा जरी सांगावं लागलं तरी तो पडदा चुकलेला आहे. त्या पाचांत एक साठीच्या वरची मावशी हवीच. सगळ्यात आधी मुलाखत दिलेल्या माणसाला दाखवा, त्याच्या घरी, त्याच्याच फोनवर.

मग जपण्याचं. एके काळी कितीतरी वेबपट फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर बांधले जायचे. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं आणि ते पट उघडेनासे झाले. वर्षांची मेहनत गेली. म्हणून कच्चे आवाज वेगळे, लेखी उतारे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, फोटो वेगळे, आणि वेबसाइट त्या सगळ्यांवरचं एक झाकण समजा. झाकण बदलता येतं. फाइलींना ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशी नावं नकोत. तारीख आणि ठिकाण लिहा. तीन प्रती करा: एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावात, आणि एक पेनड्राइव्हवर घालून ज्यांची मुलाखत घेतली त्यांच्या घरी. पेनड्राइव्हवर मार्करनं नाव मात्र लिहून द्या, कारण त्या घरात भजनांचे चार आधीपासूनच असतात.